सुकेळ्यांवरची जकात

आबा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत काही लिहावंसं वाटलं नाही असं नाही. काय लिहायचं तेही माहीत होतं. पण मी टाळत आले, आणि टाळण्यात मी किती पटाईत आहे ते तुम्ही पुरतं बघितलेलं नाही. आज रविवार आहे, दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरच्या गॅलरीत बसून लिहिते आहे. मी इथे व्यापार खात्यात आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नुसत्या परीक्षाच देत होते. एका शेजारी देशाबरोबरचा आपला व्यापार बघायचा, हे माझं काम. देशाचं नाव लिहीत नाही, ती सवयच सुटली आहे. छोटा देश, आपला जुना मित्र, सणासुदीला एकमेकांना शुभेच्छा धाडणारा. तुमच्या हिशेबी सांगायचं तर तुमची धाकटी लेकही शेवटी नाक्यावरच बसली. नाका जरा मोठा आहे आणि टेंपोऐवजी जहाजं येतात, एवढंच. गेल्या दोन महिन्यांत ऑफिसात जे झालं त्यामुळे मला उठता-बसता तुमचा नाका दिसतो आहे.

निर्मळहून स्टेशनकडे येणाऱ्या रस्त्यावरची ती पत्र्याची टपरी, रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, आणि टेबलामागे तुम्ही. नगरपरिषदेचे जकात कारकून. चंदनसारहून रोज सायकल मारत जायचात, पाण्याची बाटली आणि चहाचा थर्मास बरोबर न्यायचात, कारण नाक्यावर कोणाच्या हातचा घोटभर चहा घ्यायचा नाही हा तुमचा नेम. अख्ख्या रस्त्याला तो माहीत होता. घरात त्याचा आम्हाला वैताग होता, आता सांगायला हरकत नाही. ताई निर्मळच्या वाडीत दिलेली, तिच्या सासरी केळीचे घड लोंबतायत, आणि आई बाजारात डझनाचा भाव करते आहे. ताईच्या सासऱ्यांनी नाक्यावर तुमच्या हाती चार केळी दिली तर तुम्ही ती परत त्यांच्याच टेंपोत ठेवायचात. ते मोठ्याने हसायचे. 'आमचे व्याही म्हंजे कडक इस्त्री,' असं सगळ्यांना सांगायचे.

तरी तुमचं दोघांचं जमायचं. ते बोलघेवडे, तुम्ही मोजकं बोलणारे, पण कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेत दोघं तळ्याच्या काठी शेजारी-शेजारी बसायचात आणि बाहेरचं काही न खाणारे तुम्ही त्यांच्या पुडक्यातली भजी निमूटपणे संपवायचात. 'जत्रेत नाका नसतो,' असं ते म्हणायचे. मला त्या दोन पाठमोऱ्या म्हाताऱ्यांचा फार हेवा वाटायचा. खरं तर तेव्हा तुम्ही म्हातारे नव्हतात, पन्नाशीतच होतात.

मग नगरपरिषदेने जकातीची यादी नव्याने केली. ताजी फळं माफ होती ती माफच राहिली, पण सुक्या मेव्याचा दर वाढला आणि त्यात पहिल्यांदाच सुकेळी घातली गेली. आपल्या भागातल्या माणसाला सुकेळी म्हणजे केळीच. राजेळी केळी सोलायची, आठवडाभर उन्हात घालायची, मधासारखी झाली की केळीच्याच सोपटात बांधून मुंबईला धाडायची. ताईच्या सासऱ्यांचं वर्ष त्यावर निघायचं. यादी लागू व्हायच्या आठ दिवस आधी तुम्ही ती घरी वाचायला आणली होतीत. मी टी. वाय.ला होते, अर्थशास्त्र घेतलेलं, त्यामुळे जगातली एकूण एक जकात मला पाठ असल्याचा माझा समज होता. मी विचारलं, "ताईच्या सासऱ्यांना सांगितलंत का?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "लागू व्हायच्या आधी सांगायचं नसतं. त्यांना एकट्याला सांगितलं तर आपल्या माणसाला आधी सांगितलं असं होईल." मला ते इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात मैत्रिणींना ऐकवलं.

तो दिवस मला चांगला आठवतो, कारण तुम्ही डबा विसरला होतात आणि मी तो द्यायला आले होते. ऊन तापलेलं. ताईच्या सासऱ्यांचा टेंपो पहिला, मागे वाडीतलेच आणखी चार-पाच. ते उतरतात, नेहमीसारखे हसत येतात. "काय व्याहीबुवा, आज तरी आमचा चहा घेनार का?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "टेंपो बाजूला घ्या. करंड्या उतरवा." त्यांना आधी थट्टाच वाटली. मग तुम्ही एकेक करंडी उघडायला लावलीत, सुकेळी वजन करून घेतलीत, नवा दर सांगितलात. "हे कधी झालं?" त्यांनी विचारलं. "आजपासून." "तुमाला ठावूक होतं?" तुम्ही पावतीपुस्तक पुढे ओढलंत. मागचे टेंपोवाले खाली उतरून बघत होते, त्यांच्याकडे बघून तुम्ही जरा मोठ्याने म्हणालात, "इथे कोणी कोणाचा पाहुणा नाही." ताईच्या सासऱ्यांनी पैसे दिले, पावती घडी करून खिशात ठेवली आणि टेंपोत चढून बसले. ज्या माणसाला गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं तो गप्प बसला, आणि मी डबा हातात घेऊन उभी राहून तुमच्याकडे कौतुकाने बघत होते. माझे आबा कसे कोणाची भीड ठेवत नाहीत!

पुढे वाडीतल्या लोकांनी तुमचा नाकाच सोडला. लांबचा वळसा घालून, डिझेल जाळून ते दुसऱ्या रस्त्याने माल न्यायला लागले, आणि त्या रस्त्यावरही जकात होतीच. म्हणजे पैसे वाचवायला नव्हे. तुमचं तोंड बघायला नको म्हणून. आमच्या पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पुस्तकाप्रमाणे माणूस जिथे स्वस्त पडतं तिथून जातो.

ताईला तेव्हा सहावा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलायचंही काही नव्हतं. आईने पलंग खिडकीशी सरकवून ठेवला होता, डिंक, अळीव आणून झाले होते. आणायला कोण जाणार एवढाच प्रश्न. रीत अशी की बापाने जायचं, नारळ आणि लुगडं ठेवायचं, व्याह्याच्या पंगतीला बसायचं आणि लेकीला घेऊन यायचं. तुम्ही जायला तयार नव्हतात. "मी आता गेलो तर माफी मागायला आलो असं होईल. मी काही चुकलेलो नाही." आई चुलीपुढून, म्हणजे गॅसपुढूनच, पण ती अजून चूलच म्हणायची, तिथून ओरडली, "चुकलात असं कोन म्हनतं? पोर आनायला जा म्हनते मी!" आई रागावली की तिच्या माहेरचं बोलणं बाहेर यायचं. तुम्ही दोन दिवस विचार केलात आणि तिसऱ्या दिवशी नारळ, लुगडं घेऊन मला धाडलंत. वीस वर्षांच्या पोरीला. व्याह्यांकडे. एकटीला.

मी एकटीच परत आले. "नाही पाठवत म्हणाले," मी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत, बाहेर गेलात आणि सायकल पुसायला घेतलीत. आई पलंगावर बसून राहिली. ताई सासरीच बाळंत झाली, मुलगी झाली, आई बारशाला जाऊन आली आणि तुम्ही ड्युटी आहे म्हणालात. नंतर कधी जावई ताईला आणि बाळाला स्कूटरवरून घेऊन जायचे तेव्हा नाका लागायचाच, त्याला इलाज नव्हता. ताईने मला सांगितलं आहे, तुम्ही स्कूटर येताना दिसली की बांबू आधीच वर करून ठेवायचात, आणि ती थांबली नाही तर गुडघ्यात वाकून खाली पडलेलं काहीतरी शोधायचात. काही पडलेलं नसायचं, आबा. ती मागे वळून बघायची.

आता दिल्लीचं सांगते. आपल्याकडच्या लवंग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची तक्रार होती की त्या मित्रदेशाची स्वस्त लवंग येते आणि आमची पडून राहते. तक्रार खोटी नव्हती. वर निर्णय झाला की लवंगेवरची जकात वाढवायची. मला आठवडाभर आधी कळलं, कारण मसुदा माझ्याच टेबलावरून गेला. गुप्त कागद, कोणाला बोलायचं नाही. त्यांच्या वकिलातीत माझ्या जोडीचं काम करणारी एक बाई आहे, माझ्याच वयाची. तीन वर्षांची ओळख, आम्ही एकमेकींच्या फायली अडू देत नाही. त्या शनिवारी तिच्या मुलाचा वाढदिवस होता. मी गेले, केक खाल्ला, मुलाला चित्रांचं पुस्तक दिलं. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात आमचे मंत्री येतायत, सगळं सुरळीत आहे ना? मी म्हटलं, हो, सगळं ठीक आहे. आणि घरी आले. त्या क्षणी मला तुमचा चष्म्यावरून बघणारा चेहरा दिसला, आणि मी स्वतःवर खूशही झाले. बापाची लेक.

सोमवारी आदेश निघाला, मंगळवारी तिने तो वर्तमानपत्रात वाचला. लवंग भरलेलं त्यांचं एक जहाज तेव्हा वाटेत होतं, म्हणजे निघताना एक दर आणि पोचताना दुसरा. तिचा फोन आला. मला वाटलं जहाजाबद्दल बोलेल. ती एवढंच म्हणाली, "तू शनिवारी माझ्या घरी होतीस." आणि फोन ठेवला.

मग एकेक सुरू झालं. त्यांच्या मंत्र्यांची भेट पुढे ढकलली गेली, कारण दिलं नाही. आपल्या औषधांच्या पेट्या त्यांच्या बंदरात कुठल्याशा कागदासाठी अडकल्या. त्यांच्या पेपरांत आपल्याबद्दल वाटेल ते छापून आलं. औषधांची गरज त्यांनाच होती, आबा, तरी अडवून धरली. वाडीतल्या लोकांनी डिझेल जाळलं तसं. उत्तराचा मसुदा मी केला. तीन परिच्छेद. दर सर्व देशांना सारखा आहे, कोणालाही वेगळी वागणूक दिलेली नाही, पूर्वसूचना देण्याचं कोणतंही बंधन नव्हतं. एक शब्द चुकीचा नव्हता.

आमचे वरिष्ठ निवृत्तीला आलेले आहेत, सगळ्यांची टोपी उडवत असतात. त्यांनी मसुदा वाचला आणि चहाचा कप बाजूला ठेवला. म्हणाले, "उत्तम लिहिलंय. मला सांगा, हे वाचून तो माणूस आपल्याकडे जेवायला येईल का?" मी म्हटलं, सर, आपण चुकलेलो नाही. ते म्हणाले, "बरोबर. म्हणून तर जाता येतं. चुकलेला माणूस तोंड लपवतो." त्यांनी वरून परवानगी घेतली, मला गाडीत घातलं आणि आम्ही त्या देशाच्या राजदूतांकडे गेलो. फाईल नाही, कागद नाही. बसल्यावर ते सरळच बोलले. "जकात कमी करणं माझ्या हातात नाही आणि मी तसं सांगणारही नाही. पण तुम्हाला ही गोष्ट पेपरात वाचावी लागली, हे आमच्याकडून वाईट झालं. ते सांगायला आलोय." राजदूतांनी घंटी वाजवून आणखी चहा मागवला. माझी मैत्रीण कोपऱ्यात वही घेऊन बसली होती, तिने माझ्या कपात साखर घातली. किती ते तिला माहीत आहे.

त्याच आठवड्यात औषधांच्या पेट्या सुटल्या. मंत्री आले, फोटो निघाले. लवंगेवरची जकात आज आहे तशीच आहे. त्यांना जकात कमी करून नकोच होती की काय असं मला वाटतं. निदान आधी ती नको होती. परत येताना गाडीत मला रडू आवरेना. साहेबांना वाटलं मसुद्यावरून बोलले म्हणून. मी काही सांगितलं नाही. कारण सांगायचं तर निर्मळपासून सांगावं लागलं असतं.

आता ते सांगते. तुम्ही मला नारळ, लुगडं देऊन धाडलंत त्या दिवशी ताईचे सासरे खळ्यात होते. चार-पाच बाया केळी सोलत होत्या, ते स्वतः चटईवरची केळी उलटीपालटी करत होते. मला बघून उठले, हात धुतले. "आधी पानी घे," म्हणाले. मी नारळ पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. "पोरीला न्यायला पोरगी धाडली?" सोलणाऱ्या बाया थांबल्या. मग ते खाली बसले आणि अगदी हळू आवाजात बोलले. "तुज्या बापाला सांग, जकातीचं माज्या मनात नाय. सरकारचं काम हाय, ते घेनारच. पन एकदा येऊन बस बोल. माज्या दारात बसून एक कप चहा घे, आनि पोर घेऊन जा. बॅग भरून ठेवलेली हाय तिची. आजच ये बोल, मी वाट बघतो." दारात ताई उभी होती. तिने सगळं ऐकलं.

हा निरोप मी तुम्हाला दिला नाही.

का, ते मी चौदा वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेने स्वतःला सांगून पाहिलं आहे. बायांसमोर ते 'तुज्या बापाला' म्हणाले त्याचा मला राग आला होता. तो राग एसटीत बसेपर्यंत टिकलासुद्धा नव्हता. खरं कारण असं की मला तुमचा फार अभिमान होता, आणि न चुकलेला माझा बाप कोणाच्या दारात जाऊन बसलेला मला बघायचा नव्हता. वाटेतच ठरवलं. चंदनसारला घरात शिरले तेव्हा भर दुपार होती, ड्युटीचा दिवस होता, आणि तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसला होतात. पायांत चपला होत्या. मी ते बघितलं, आबा. बघितलं आणि तरी म्हणाले, "नाही पाठवत म्हणाले." तुम्ही विचारलंत, "आणखी काही म्हणाले?" मी म्हटलं, "नाही."

तुम्ही गेलात तेव्हा ताईचे सासरे सगळ्यांच्या आधी आले. तुम्हाला खांदा दिला. दहाव्याला आईला म्हणाले, "मी निरोप धाडलेला. वाट बघितली. नाय आले. मानी मानूस." आईला वाटलं तुम्हीच तिच्यापासून लपवलंत. ताई शेजारीच होती. मी पत्रावळी मांडत होते आणि मांडतच राहिले.

तुमच्यानंतर दोन वर्षांनी नगरपरिषदांची जकातच सरकारने बंद केली. टपरी गेली, बांबू गेला. यंदा तर चारही नगरपरिषदा मिळून एक महानगरपालिका झाली. निर्मळ कुठे संपतं आणि नाका कुठे होता ते आता दाखवता यायचं नाही. ताईचे सासरेही थकले आहेत, सुकेळी कोणी फारशी करत नाही. ताईची मुलगी चौदा वर्षांची झाली, तिची हनुवटी तुमची आहे. मी दिवाळीत गेले की ताई एकदा तरी म्हणते, "बॅग भरून बसले होते गं मी. संध्याकाळपर्यंत. आबा न्यायला आले नाहीत." रागाने म्हणत नाही आता. ती तुम्हाला माफ करते दरवर्षी, माझ्यासमोर, आणि मी ऐकून घेते.

मी तुम्हाला का लिहिते आहे ते तुम्ही ओळखलं असेल. तुम्ही आयुष्यभर लोकांच्या करंड्या उघडून बघितल्यात. तुम्हाला हे सांगणं सोपं आहे, तुम्ही रागावणार नाही आणि उत्तरही देणार नाही. हे पत्र ताईचं आहे. काल पाकीट आणलं, आज तिकीटही लावलं, आणि तासभर झाला तरी त्यावर तिचा पत्ता घालायचं धाडस मला होत नाही.